इंजिनाचा खांदा

तेलाचा एक थेंब माझ्या सासऱ्यांइतका मनाला लावून घेणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत झाला नाही आणि होणारही नाही. तिसऱ्या जिल्ह्याचं मी छातीठोकपणे सांगत नाही, कारण तिथवर त्यांची गाडी कधी पोचली नाही. लोकांची घरं गळतात, नळ गळतात, पुढे पुढे दातही गळतात, आणि माणसं हळूहळू ते सोसायला शिकतात. मामाजी शिकले नाहीत. सासऱ्यांना मी तिकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणायचो. कुणीही दारात आलं की ते आधी त्याच्या वाहनाखाली बघत आणि मग तोंडाकडे. मी मुलगी बघायला म्हणून अहेरीला गेलो तो आलापल्लीच्या एका मित्राची स्कूटर मागून घेऊन. वडील मागे बसलेले. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्च्या मांडलेल्या, पोहे आलेले, मुलगी आतून डोकावतेय, आणि मुलीचे वडील कुठे आहेत म्हणून बघतो तर अंगणात स्कूटरखाली उताणे. चांगला अर्धा तास ते तिथे होते. मग हात पुसत आले, माझ्या वडिलांसमोर बसले आणि फार दुःखानं म्हणाले, "पोरगा चांगला दिसते. पण याच्या गाडीले गळती आहे." माझ्या वडिलांना वाटलं, ही इकडची नकार देण्याची पद्धत असावी. ते उठायला लागले. मी घाबरून म्हणालो, "ती गाडी माझी नाही हो!" तसा मामाजींचा चेहरा एकदम उजळला. "मंग काई हरकतच नाई," ते म्हणाले, आणि लग्न ठरलं. माझं शिक्षण किती, नोकरी कुठली, हे त्यांना पुढे दोनेक वर्षांनी कळलं असावं.

मामाजींनी एकतीस वर्षं जंगल खात्यात साहेबांची गाडी चालवली. साहेब बदलत गेले, गाडी तीच राहिली. ज्या वर्षी मामाजी निवृत्त झाले त्याच वर्षी गाडीही निवृत्त झाली आणि लिलावात उभी राहिली. ती दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल ही कल्पनाच त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी ती घरी आणली. "एकाच घरात दोन पेन्शनर," असं माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, म्हणत. "एकाले सरकार पोसते, दुसरीले आमी पोसतो." गाडी पांढरी, गोल पाठीची, मागच्या खिडक्यांना पडदे असलेली. मागच्या सीटची डावी बाजू ही साहेबांची जागा. तिथे घडी घातलेला एक पांढरा टॉवेल असे आणि त्यावर कुणी बसायचं नसे. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा मार्कंड्याला दर्शनाला गेलो तेव्हा मी, बायको आणि माझी मेहुणी असे तिघं सीटच्या उजव्या अर्ध्यात कोंबलेले होतो. पुढे मामी मांडीवर शिदोरीची टोपली घेऊन. आणि डावीकडे टॉवेल एकटा ऐसपैस. मी नवा जावई असल्यानं जरा धीर करून विचारलं, "मामाजी, साहेब तर नाहीत ना आता?" आरशातून माझ्याकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "असते त तिथीच बसले असते ना, जवाईबापू." मी आणखी जरा उजवीकडे सरकलो.

चष्मा त्यांनी कधी लावला नाही. दूरचं त्यांना असं दिसे की वळणापलीकडच्या सागाआड सांबर उभं आहे हे ते आम्हाला सांगत, आणि ते खरंच असे. जवळचं मात्र ताटातलं वरण आहे की कढी हे ते बोट बुडवून ठरवत. "ड्रायवरले दूरचं दिसलं पायजे. जवळचं त हाताले समजते," असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांची ही कथा, तर नाकाची आणखी वेगळी. नस ओढायची, म्हणजे तपकिरीची, त्यांना जुनी सवय. तिच्यापायी नाकाला वास घेण्याचं काम राहिलंच नव्हतं. शेजारी गुरुजींच्या घरी एकदा दूध उतू जाऊन पातेलं जळून कोळसा झालं, सगळा मोहल्ला धावला, आणि मामाजी मधल्या भिंतीला टेकून निवांत प्लग घासत बसले होते. पण हात! त्यांच्या बोटांना जे कळे ते मला पुस्तक वाचूनही कळलं नसतं. इंजिनावर नुसता तळवा ठेवून ते सांगत, हिला काय होतंय.

आणि अशा माणसाच्या गाडीला गळतीचा रोग लागला. तोही कुठे, तर प्लगपाशी. मी नागपूरचा कारकून; ज्यातून आवाज येतो ते इंजिन, एवढंच मला ठाऊक. पण मामाजींनी वर्षानुवर्षं समजावल्यामुळे आता मलाही सांगता येतं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याची एक लांबट टोपी असते, तिला टॅपेट कव्हर म्हणतात. टोपी आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या पातळ पट्टीची चौकट असते, ती पॅकिंग. आणि तिच्या खालच्या अंगाला चार प्लग आपापल्या खोबणीत बसलेले असतात. पॅकिंग म्हातारी झाली की तेल झिरपून त्या खोबणीत साचतं, प्लगची ठिणगी भलतीकडे जाते आणि गाडी मिसिंग करायला लागते, म्हणजे चार पायांवर पळायची ती तीन पायांवर लंगडते. हा जुन्या गाड्यांचा नेहमीचाच आजार. कुठल्याही गॅरेजात पॅकिंग बदलून देतात आणि माणूस विसरून जातो. मामाजींनी पॅकिंग बदलली. तेल आलं. त्यांनी बुचाचा पत्रा आणून स्वतः कात्रीनं पॅकिंग कापली. तेल आलं. आठवडी बाजारात रानातून लाख घेऊन येणाऱ्या बायकांकडून त्यांनी लाख घेतली, स्पिरिटमध्ये विरघळवली आणि त्या रोगणात पॅकिंग चिकटवली. तरी तेल आलंच. टोपीचे नट किती कसायचे यावर तर ते मला तासभर सांगत. "जास्त कसले त टोपी वाकते, कमी कसले त तेल येते. पोरीची येणी घालतो ना, तसं. डोये ताणले नाई पायजे आन् येणीबी सुटली नाई पायजे." आपल्या तिन्ही मुलींच्या वेण्या लहानपणी त्यांनीच घातल्या होत्या, त्यामुळे हे अधिकारानं.

त्यांना खरं छळत होतं ते वेगळंच. गाडी घरापुढे दोन दोन तास चालू ठेवली तरी प्लग कोरडे असत. बाजारात जाऊन आले तरी कोरडे. पण लांबच्या प्रवासाला निघाली, की आलापल्ली मागे पडते न पडते तोच इंजिन तापे, गाडी खोकायला लागे, आणि बॉनेट उघडून बोट घालावं तर खोबणी तेलानं भरलेल्या. प्लग बाहेर काढला की टोक छान बदामी, कोरडं. वरचं अंग तेवढं ओलं. म्हणजे तेल आतून नाही, वरूनच येतंय, म्हणजे पॅकिंगच. पण मग ती घरी का गळत नाही? "माह्याशी डाव खेळून राह्यली," ते म्हणत. "घरी सोंग करते आन् रस्त्यात इज्जत काढते."

एकदा डिसेंबरात आम्ही सगळे चंद्रपूरला निघालो होतो. आलापल्ली ते आष्टी सगळं सागाचं रान. थंडीमुळे काचा लावलेल्या. गाडी तापली, आणि आत वड्यांचा वास सुटला. चांगला खमंग, गरम तेलातल्या वड्यांचा. माझ्या मेहुणीला भूक लागली, बायकोला लागली, मलाही लागली. मी म्हणालो, "मामाजी, वड्यांचा वास येतोय." त्यांना स्वतःला काही येत नव्हता, पण जावयाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? "कोणाच्या घरी तरी तळून राह्यले असन," ते म्हणाले. मी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत साग. घर सोडा, झोपडीसुद्धा नाही. दहा मैल आम्ही चाललो आणि दहाही मैल कुणीतरी वडे तळत होतं. मग गाडी लंगडायला लागली, मामाजी उतरून फडक्यानं प्लग पुसायला लागले आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून मामींच्या टोपलीतल्या भाकरी खाल्ल्या. त्या वासाचा आणि त्या तेलाचा काही संबंध असेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मामी तर ज्याच्या त्याच्या हातावर भाकरी ठेवण्यात गुंतल्या होत्या.

मग साहेब आले. मामाजींनी ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त वर्षं काढली ते साहेब, आता निवृत्त, कुणाच्या तरी लग्नासाठी अहेरीला आले होते. त्यांना मामाजी आठवले, गाडी आठवली, आणि बल्लारपूर स्टेशनला याच गाडीतून सोड असं ते स्वतःहून म्हणाले. मामाजींच्या आनंदाला सीमा राहिली नाही. त्यांनी पॅकिंग पुन्हा नवी घातली, टॉवेल धुऊन इस्त्री केला, जुनी खाकी टोपी बाहेर काढली. इतक्या वर्षांनी ती जागा भरली. आणि आलापल्ली सोडल्यावर गाडी जी खोकायला लागली ती त्याआधी कधी खोकली नव्हती. मामाजी उतरले, पुसलं, निघाले, पुन्हा उतरले. शेवटी मागून एस.टी. आली आणि साहेबांनी हात केला. साहेब माणूस चांगला. त्यांनी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे रे. आता तुझेही हात थकले." एवढं बोलून ते एस.टी.त बसले.

ते वाक्य मामाजींच्या जिव्हारी लागलं. गाडीवर ते आजवर चिडत होते. त्या दिवसापासून ते तिच्याबद्दल चकार शब्द काढेनात, नुसते आपले हात बघत बसत. बायकोला पत्र आलं ते मेहुणीच्या हातचं: बाबा बॉनेट उघडत नाहीत, जेवणात लक्ष नाही, बल्लारपूरच्या एका भंगारवाल्याला निरोप धाडला आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी न्यायला येणार. मी पत्र वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. या माणसाची मी आयुष्यभर चेष्टा केली होती, पण गाडीशिवाय तो अंगणात उभा आहे असं काही केल्या डोळ्यांपुढे येईना. आम्ही दोघं पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अहेरीला पोचलो.

मामाजी सपरीत बसले होते. हातांवर नवी पॅकिंग लावल्याच्या खुणा, नखांत लाख. मला बघून म्हणाले, "आखरी पॅकिंग टाकली, जवाईबापू. अकरावी. उद्या सकाळी आष्टीच्या पुलापर्यंत नेतो. कोरडी राह्यली त ठेवतो. तेल आलं त माहे हात गेले म्हणाचं आन् तिले जाऊ द्याचं." मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडे बैलांचा खांदा शेकतात. वर्षभर ज्याच्यावर जू घासलं त्या खांद्याला हळद घातलेलं कोमट तेल नाहीतर लोणी पळसाच्या पानानं चोळायचं, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. शेजारी गुरुजींचे दोन बैल होते, त्यांची तयारी चालली होती. मामाजींच्या घरी बैल नव्हते, कधीच नव्हते. म्हणून दिवेलागणीला मामी हातात वाटी आणि पळसाची पानं घेऊन मागच्या अंगणात चाललेल्या दिसल्या तेव्हा मला वाटलं, गुरुजींकडे चालल्या असतील. पण त्या भिंतीच्या फाटकाकडे वळल्या नाहीत. गाडीपाशी थांबल्या. एकतीस वर्षं नवऱ्याला बघून बॉनेट उघडायला त्या कधीच शिकल्या होत्या. खटका ओढला, बॉनेट वर केलं, काठीनं टेकवलं. मग पान वाटीत बुडवून त्यांनी टॅपेट कव्हरवर, अगदी मायेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेल चोळलं. उरलेलं कडेनं ओतलं. आणि हात जोडून हळूच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाऱ्यावर वास आला. तोच वास. चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या वड्यांचा.

तिकडे मोहाच्या बियांना टोळी म्हणतात. टोळीचं तेल खायला, तळायला आणि गुडघ्याला लावायलाही. मी खांबाआड उभा राहून एक एक गोष्ट जुळवत गेलो. मामी आत गेल्या. मी गाडीपाशी धावलो. माझ्या मनात एकच विचार होता: कुणाला काही न सांगता हे पुसून टाकायचं. मामींची लाज राहील, मामाजींची गाडी राहील, आणि मी गुपचूप जेवायला बसेन. मी खिशातला रुमाल काढला आणि जन्मात पहिल्यांदा एका इंजिनात डोकं घातलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "जवाईबापू? तुमी काऊन इथी?"

"काही नाही," मी म्हणालो. "बघत होतो."

जावई इंजिन बघतोय ही गोष्ट त्यांना इतकी अशक्य वाटली की ते सरळ जवळ आले आणि त्यांनी खोबणीत बोट घातलं. बोट तेलानं निथळत बाहेर आलं. मामाजी तसेच उभे राहिले. "आलं ना," ते म्हणाले. "चालूबी नाई केली, आन् उभ्या गाडीले तेल आलं." त्यांचा तो आवाज मी विसरू शकत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण सासूची चहाडी सासऱ्याकडे करायला शब्द कुठले आणायचे? तेवढ्यात मामीच दारातून पुढे आल्या.

"ते गाडीचं नाई होय," त्या म्हणाल्या. "ते टोळीचं होय. म्या लावलं."

"कायले?"

"खांद शेकला."

"कोणाचा?"

"गाडीचा."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. "दर पोळ्याले लावते?" त्यांनी विचारलं.

"दर पोळ्याले, आन् लंबं जाचं असलं की आदल्या सांजेले. मागं तुमी एकटे चंदरपूरले जातानी बंद पडली, रातभर रानात राह्यले, तवापासून. माहा बाप खासरगाडी जुपाच्या आंधी बैलाचा खांद शेके. वझ्यानं खांद सुजते ना. हे कोणाले सांगन? मुकं जनावर." मग जरा घाबरून त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्याले लावतो तेच तेल होय. वाईट नाई."

"साहेब आले तवा?"

मामी रडायला लागल्या. "दोन वाट्या," त्या म्हणाल्या.

मी मनातल्या मनात पुढच्या वादळाची तयारी केली. मामाजींनी मात्र, रस्त्यात तापलेलं तेल आजवर ज्याला इंजिनाचंच वाटत आलं ते बोट तोंडात घातलं. नाक गेलं होतं, जवळची नजर गेली होती, पण जीभ शाबूत होती. त्यांनी चाखलं, पुन्हा एकदा चाखलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आधी एकदाच बघितलं होतं, ती स्कूटर माझी नाही हे मी सांगितलं तेव्हा. "म्हंजे पॅकिंग चांगली आहे," ते हळूच म्हणाले. मग बोटांवर मोजायला लागले. "हे चांगली. याच्या आंधीची चांगली. लाखेची चांगली. साहेबाच्या टायमाची त एकदमच चांगली." अकराच्या अकरा पॅकिंगा त्यांनी निर्दोष सोडल्या आणि भिंतीपाशी जाऊन ओरडले, "गुरुजी! अवो गुरुजी! पॅकिंग चांगली आहे!"

पलीकडून बैलाच्या मानेआडून गुरुजींनी विचारलं, "कोणाची?"

"माही! माह्या हाताची! काईच झालं नाई हाताले!"

गुरुजींनी बरं बरं म्हटलं असावं. इकडे मामी अजून रडत होत्या. "माह्याच हातानं तुमची इज्जत गेली," असं काहीसं म्हणत होत्या. बायकोवर चिडायचं असतं हे मामाजींच्या गावीही नव्हतं. गुन्हेगार सापडल्याच्या आनंदापेक्षा आपण सुटल्याचा आनंद मोठा होता. "रडते कायले?" ते म्हणाले. "हात तुहाबी चांगलाच आहे. एक थेंब इकडं तिकडं नाई, नेमका प्लगवर. मिस्त्रीले जमणार नाई." मी हसलो, आतून बायको आणि मेहुणी धावत आल्या, त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, त्या हसल्या, आणि मग पदराआडून मामीही हसल्या. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला मोकळं वाटलं. मला, म्हणजे ज्याला आजतागायत पाना कुठल्या बाजूनं धरायचा ते कळत नाही.

पण तेल लावणं थांबवायला मामी तयार होईनात. प्रवासाआधी नुसतंच कसं सोडायचं? मामाजी विचारात पडले. मग त्यांनी मागचा डावा दरवाजा उघडला. तो नेहमीप्रमाणे किंचाळला. "हे पाह्य," ते बिजागरीवर हात ठेवून म्हणाले. "इंजिन म्हंजे गाडीचं काळीज. काळजाले तेल नाई लावत. खांद हा होय. दरवाज्याचं सारं वझं याच्यावर. जनमभर दुखून राह्यलं, आन् तुले आयकू नाई आलं." मामींना हे एकदम पटलं. किंचाळणं त्यांनीही ऐकलं होतं, फक्त त्याचा अर्थ आज लागला. पुन्हा वाटी गरम झाली, पळसाची पानं आली, आणि चारी दरवाज्यांच्या बिजागऱ्या शेकल्या गेल्या. मामाजी टॉर्च धरून उभे होते, "अजून थोडं, खालच्या अंगानं," असं सांगत.

पोळ्याच्या सकाळी इंजिन धुऊन, प्लग पुसून आम्ही आष्टीला निघालो. निघताना मामाजींनी मागचा डावा दरवाजा उघडला. आवाज आला नाही. टॉवेल उचलून त्यांनी काखेत मारला आणि मामींना म्हणाले, "बसा."

"मी?"

"हाव."

"साहेबाच्या जागी?"

"बस ना आता. का सलाम मारू?"

मामी बसल्या. टोपली मांडीवर, पाठ ताठ, कुणी उठवील या धास्तीनं अगदी कडेला. आलापल्ली गेलं. मी नाक वर करून वास घेत होतो. वड्यांचा नाही, फक्त ओल्या सागाच्या पानांचा. इंजिन एका लयीत चाललं होतं. मामाजींचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते आणि ते हातांकडे अजिबात बघत नव्हते. आष्टीच्या पुलापाशी गाडी थांबली. खाली वैनगंगा काठोकाठ. मामाजींनी बॉनेट उघडलं, चारी खोबणींत एक एक बोट फिरवलं आणि बोटं वर धरून आम्हाला दाखवली. कोरडी. मी टाळ्या वाजवल्या. मामींना दाखवायला म्हणून ते मागे गेले, तर त्या साहेबांच्या जागेवर मागे रेलून गाढ झोपल्या होत्या. त्यांनी दरवाजा उघडला तसाच लावला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मामाजींनी त्याला पुरणपोळी खाऊ घातली, त्याच्या टेम्पोखाली जाऊन तिथली गळती दाखवली, वॉशर बदलून दिला आणि रिकाम्या हातानं पाठवलं. तो मात्र खूश होऊन गेला.

गाडी त्यानंतर बरीच वर्षं चालली. प्लगपाशी पुन्हा कधी तेल आलं नाही. मग सुटे भाग मिळेनासे झाले, मामाजींचा उजवा खांदा आखडला, डॉक्टरांनी स्टीअरिंग बंद केलं, आणि गाडी मागच्या अंगणात उभी राहिली. तिचे दरवाजे मात्र अखेरपर्यंत कुरकुरले नाहीत. आता मामाजीही नाहीत. मामी आमच्याकडे नागपूरला असतात, आणि पोळा जवळ आला की अहेरीच्या गोष्टी काढतात. मीही काढतो. मला आठवते ती अहेरीची त्या दोघांची शेवटची पोळ्याची संध्याकाळ. मी मागच्या दारात होतो. मामाजी गाडीशेजारी स्टुलावर उघड्या अंगानं बसले होते, डोळे मिटून. मामी त्यांच्या मागे उभ्या, हातात टोळीच्या तेलाची वाटी, आणि पळसाच्या पानानं त्यांचा आखडलेला खांदा शेकत होत्या, त्याच मायेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेकून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि हसत म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मामाजींनी डोळे उघडले नाहीत. "येतो ना," ते म्हणाले. "कुठी जातो. फक्त प्लगवर नोको सांडवू."